कला-तंत्रज्ञान टीचिंग ग्रँट

कला आणि तंत्रज्ञान एकाच कोर्समध्ये आणून शिकवू पाहणाऱ्या प्राध्यापकाला विद्यापीठाकडून मिळणारे पैसे, म्हणजे ही ग्रँट. रिसर्च ग्रँटपेक्षा ही वेगळी, कारण हिच्यातून पेपर नाही तर कोर्स उभा राहायला हवा असतो. कधी पैसे विद्यापीठाचे स्वतःचे असतात, कधी एखाद्या फाउंडेशनने किंवा माजी विद्यार्थ्याने दिलेले आणि विद्यापीठाने वाटलेले. हा प्रकार रुजला तो मुख्यतः अमेरिकेत, आणि त्यातही एमआयटी आणि कार्नेगी मेलन या दोन विद्यापीठांची नावं घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

अर्ज साधारण असा असतो: दोन वेगळ्या विभागांतले दोन प्राध्यापक, समजा एक संगीताचा आणि एक कॉम्प्युटर सायन्सचा, मिळून कोर्सचा आराखडा देतात, मुलं काय बनवणार, किती मुलं घेणार, सामान काय लागणार वगैरे. पैसे जातात ते टीचिंग असिस्टंट, साहित्य, सॉफ्टवेअर आणि बाहेरून येणाऱ्या कलाकाराचं मानधन व प्रवास यांवर. बहुतेक ठिकाणी हे पैसे सुरुवातीच्या एक-दोन वेळांपुरतेच, पुढे कोर्स चालवायचा असेल तर विभागाने आपल्या बजेटमधून चालवावा अशी अपेक्षा.

खरी अडचण मात्र सामानाची नसतेच. प्राध्यापकाचे तास विभाग मोजतो, आणि दोघांनी मिळून घेतलेला तास कोणाच्या खात्यात धरायचा हा प्रश्न जगातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये भांडण लावू शकतो. म्हणून चांगल्या ग्रँटमध्ये प्राध्यापकाचा एखादा नेहमीचा कोर्स सोडवून घ्यायची सोय असते, म्हणजे त्याच्या जागी दुसरा कोणीतरी शिकवतो आणि त्याचा पगार ग्रँटमधून जातो. थ्रीडी प्रिंटर घेऊन देणारी ग्रँट आणि वेळ घेऊन देणारी ग्रँट यांत दुसरी कधीही बरी. प्रिंटर काय, उत्साह ओसरला की कोपऱ्यात पडून राहतो.

एमआयटीत याची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. ग्यॉर्गी केपेश हे मूळचे हंगेरीचे कलाकार तिथे १९४० च्या दशकापासून शिकवत होते, त्यांनी १९६७ मध्ये सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड व्हिज्युअल स्टडीज काढलं. तिथे कलाकारांना फेलो म्हणून कॅम्पसवर आणायचं आणि इंजिनिअरांच्या शेजारी बसवायचं अशी कल्पना होती. १९७४ पासून ओटो पीने यांनी ते पुढे बरीच वर्षं चालवलं. म्हणजे पैसा कलाकाराच्या मागे होता, वर्गाच्या मागे नाही, त्यामुळे काम भन्नाट व्हायचं पण नेहमीच्या टाइमटेबलला त्याने फारसा धक्का बसला असेल असं वाटत नाही. २००९ मध्ये हे सेंटर तिथल्या व्हिज्युअल आर्ट्स प्रोग्रॅममध्ये विलीन झालं आणि मग २०१२ मध्ये मेलन फाउंडेशन या देणगी देणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या १५ लाख डॉलरच्या ग्रँटवर सेंटर फॉर आर्ट, सायन्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे कास्ट, उभं राहिलं. कास्ट बाहेरचे कलाकार तर बोलावतंच, पण प्राध्यापकांना दोन विषय जोडणारे कोर्स तयार करायलाही पैसे देतं. हे सेंटर प्रोव्होस्टचं (म्हणजे विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं) ऑफिस आणि दोन स्कूल (आर्किटेक्चर-प्लॅनिंग आणि ह्युमॅनिटीज-आर्ट्स-सोशल सायन्सेस) यांनी मिळून उभं केलंय, आणि माझ्या मते ग्रँटच्या रकमेपेक्षा हीच गोष्ट महत्त्वाची, कारण तासांचं भांडण सोडवू शकणारा माणूस पहिल्यापासूनच टेबलाशी बसलेला असतो.

कार्नेगी मेलनचं मॉडेल याच्या उलट, छोटं आणि झटपट. तिथला स्टुडिओ फॉर क्रिएटिव्ह इन्क्वायरी १९८९ चा, आणि एडवर्ड फ्रँक व सारा रॅची यांनी दिलेल्या निधीतून तो प्राध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी अशा सगळ्यांनाच छोट्या छोट्या ग्रँट देतो. थोडक्या पैशात एखादी वेडी आयडिया करून बघता येते, फसली तर कोणाचं फारसं बिघडत नाही.

गंमत म्हणजे या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला कोर्स कलेच्या ग्रँटवर उभाच राहिला नाही. एमआयटीत नील गेर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये 'हाऊ टू मेक ऑलमोस्ट एनिथिंग' सुरू केला, दहाएक मुलं येतील असं धरलं होतं आणि शंभरेक आली, त्यात कलाकार आणि आर्किटेक्ट भरपूर. केली डॉब्सन या विद्यार्थिनीने अंगावर घालायची एक पिशवी बनवली, चारचौघांत ओरडावंसं वाटलं की तिच्यात तोंड घालून ओरडायचं, बाहेर आवाज येत नाही, पिशवी तो साठवते आणि पाहिजे तेव्हा पाहिजे तिथे सोडता येतो. सर्किट, सेन्सर, शिवणकाम सगळं तिचं तिने केलेलं, आणि गुण द्यायचे कुठल्या विभागाने? पुढे २००१ मध्ये अमेरिकन नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून गेर्शनफेल्ड यांचं सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्स झालं, समाजापर्यंत पोचायच्या त्याच्या कामातून फॅब लॅब, म्हणजे लोकांनी येऊन यंत्रांवर स्वतः वस्तू बनवायच्या छोट्या कार्यशाळा, निघाल्या आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात आली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये काढलेली ही संस्था हाताने काम करत शिकवण्यासाठी आधीच ओळखली जायची, त्यामुळे जागा अगदी योग्य.

आपल्याकडे डिझाइनच्या संस्थांनी हे जोडकाम बऱ्याच आधी केलंय. आयआयटी मुंबईतलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ चं, आणि त्याच वर्षी अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) डेव्हिड ट्युडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्याचा, स्टुडिओ लावून दिला होता, तो काही वर्षंच चालला. साध्या कॉलेजांत मात्र 'टीचिंग ग्रँट' हा शब्द कोणी वापरत नाही. प्राध्यापकांच्या ओळखीची म्हणजे पूर्वी युजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) मायनर रिसर्च प्रोजेक्ट किंवा पुणे विद्यापीठाच्या बीसीयूडी या कॉलेज-विकास मंडळाची ग्रँट असायची, ती घ्यायची, खर्चाची बिलं जोडायची, पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट द्यायचं, पण शिकवण्यात काय बदललं हे त्यात जवळजवळ कोणी विचारत नसे. संलग्न कॉलेजात सिलॅबस अभ्यास मंडळ ठरवतं, तेव्हा नवा कोर्स एकट्याच्या हातात नाही. शिवाय युजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशननुसार असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास आणि असोसिएट व प्रोफेसरला १४ तास शिकवायचंच असतं, आणि वर्कलोड भरला नाही तर पोस्टवर गदा यायची भीती, त्यामुळे मराठीच्या मॅडम आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सर मिळून काही करणार असतील तर ते बहुधा वर्कलोडच्या बाहेर, शनिवारी दुपारी, सर्टिफिकेट कोर्स म्हणून, मुलांच्या फीमधून.