पार्श्वभूमी: पीएलसीवर चालणारा व्हेंटिलेटर

कोविडची साथ पसरत असताना, मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने व्हेंटिलेटरच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच सुमारास महिंद्रच्या कांदिवली आणि इगतपुरीच्या मंडळींनी अँबू बॅग (हाताने दाबून रुग्णाला श्वास देण्याची रबरी पिशवी) यंत्राने दाबणारा नमुना करून दाखवला. किंमत ७,५०० रुपयांच्या आत राहील, असं आनंद महिंद्रांनी जाहीर केलं. अंधेरी एमआयडीसीपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत पॅनेल बांधणाऱ्यांच्या हाताशी असलेली वस्तू मात्र वेगळी होती: पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा दणकट संगणक. यावरच व्हेंटिलेटर का चालवू नये, हा प्रश्न तेव्हा जगभरच्या ऑटोमेशनवाल्यांना पडला, आणि तो अजिबात खुळा नव्हता.

पीएलसी मोटारींच्या धंद्यातून आला. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनेलचा वीट आला होता, कारण उत्पादन बदललं की अख्खं वायरिंग उपसावं लागे. त्यावर डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ बनवला. धूळ, उष्णता, थरथर सोसणारा, आणि इलेक्ट्रिशियनला वाचता येईल अशा लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत, प्रोग्राम घेणारा.

व्हेंटिलेटरची वाट निराळी. १९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने बॅग दाबत बसले. पुढे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली, आणि १९७१ मध्ये ‘सर्वो ९००’ आला. हवेचा प्रवाह आणि दाब मोजायचा आणि त्यानुसार व्हॉल्व्ह सावरायचा, ही त्याची रीत. ऑटोमेशनवाला तिला सरळ क्लोज्ड लूप म्हणेल.

वेगाची अडचण मुळात नाहीच. मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे एकेक श्वास ३ ते ५ सेकंदांचा, आणि पीएलसीचा स्कॅन, म्हणजे इनपुट वाचून आउटपुट बदलण्याची एक फेरी, काही मिलिसेकंदांत उरकतो. अडचण सेन्सरपासून सुरू होते. कारखान्यात सर्रास मिळणारा ट्रान्समीटर (दाब मोजून सिग्नल पाठवणारा सेन्सर) ० ते १० बारचा असतो. १ बार म्हणजे पाण्याचा सुमारे १,०२० सेंटिमीटर दाब. फुप्फुसात ३०-३५ सेंटिमीटरच्या वर सहसा जायचं नसतं. या ट्रान्समीटरची नुसती अर्धा टक्का चूक ५१ सेंटिमीटर भरते. म्हणजे ० ते १०० मिलिबारचा सेन्सर शोधा, आणि तो टाळेबंदीत कुठून आणणार? शिवाय विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण गाळायला पीएलसीच्या ॲनालॉग कार्डात (सेन्सरचा सिग्नल घेणाऱ्या भागात) जो फिल्टर लावतात, तो सिग्नलला उशीर लावतो. रुग्ण स्वतः श्वास ओढू पाहतो ती घटका पकडायची असेल, तर हा उशीर हिशेबात धरावाच लागतो.

पण खरी गोम याहून खोल आहे. कारखान्यात काही बिनसलं की लाल बटण दाबायचं. यंत्राची वीज तुटते, माणूस वाचतो. पीएलसीचा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) स्वतःच स्टॉपमध्ये गेला, तरी सहसा आउटपुट शून्य होतात. पीएलसीची सगळी शिस्त ‘थांबलं की सुरक्षित’ यावर उभी आहे. आयसीयूत मशीन थांबणं हाच अपघात. म्हणून वीज गेल्यावर आपोआप उघडा राहणारा उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह, सीपीयूवर अवलंबून नसलेला बॅटरीवरचा अलार्म आणि स्वतंत्र वॉचडॉग (सीपीयू अडकला तर ते ओळखणारं सर्किट) लागतो. हे लॅडरच्या आणखी चार रांगा लिहून येत नाही.

क्रिटिकल केअरच्या व्हेंटिलेटरसाठी आयएसओ ८०६०१-२-१२ हे मानक याच काळजीपोटी आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, म्हणजे ऐन धावपळीत. घाईत जमवलेल्या यंत्रांचं पुढे काय होतं, याची चर्चा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही झाली. विषय होता पीएम केअर्समधून आलेल्या व्हेंटिलेटरच्या तक्रारींचा.

माझ्या मते पीएलसीची रुग्णालयातली हक्काची जागा खाटेपासून थोडी दूर आहे. २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या रुग्णालयांत ऑक्सिजनचे पीएसए प्रकल्प, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे, उभारले. अशा प्रकल्पात झिओलाइटच्या (नायट्रोजन शोषणाऱ्या खनिजाच्या) दोन टाक्यांत आलटून पालटून हवा सोडणारे व्हॉल्व्ह सहसा पीएलसीच हलवतो. तो बंद पडला तर सिलिंडरच्या मॅनिफोल्डवर (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या संचावर) पाइपलाइन चालू ठेवता येते.