सेटलमेंट : जन्मावरून ठरलेल्या शिक्षेची गोष्ट

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ सांगितलं की तो विचारतो, ‘फ्री कॉलनी किती नंबर?’ पत्त्यातला हा ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. इंग्रजांनी जन्मावरून गुन्हेगार ठरवलेले लोक या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सरकारी वसाहतीत, तारेच्या कुंपणात राहायचे आणि वर्तणूक बरी दिसली की त्यांतल्या काहींना कुंपणाबाहेर घर करायची मुभा मिळायची. हे बाहेरचे ‘फ्री’. कुंपण गेलं, शब्द पत्त्यात राहिला.

शिक्षा गुन्ह्याला करायची की माणसाला, हा वाद सेटलमेंटहून फार जुना आहे. पेशवाईपर्यंत आपल्याकडे माणूस बघून शिक्षा ठरायची. कोणाचा कडेलोट, कोणाचे हात तोडायचे, कोणी दंड आणि प्रायश्चित्तावर सुटायचं, यात गुन्ह्याइतकीच जात आणि पत मोजली जाई. ब्राह्मणाला देहान्त शिक्षा सहसा नसेच. तिकडे इटलीत १७६४ साली बेकारिया या विचारवंताने मांडलं की शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी, आणि जरब बसते ती शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती चुकणार नाही या खात्रीने. बेंथम या तत्त्वज्ञाने हा विचार इंग्लंडात पुढे नेला. त्याच्या प्रभावातल्या मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये हिंदुस्थानसाठी फौजदारी कायद्याचा मसुदा केला. तो १८६० मध्ये भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. चोरी कोणीही करो, कलम एकच.

हे तत्त्व जेमतेम नऊ वर्षं टिकलं. १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ कायदा आला. युक्तिवाद असा की, सुताराचा पोरगा सुतार होतो तसा चोराचा चोर! आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही जमातीच्या जमाती नोंदवल्या गेल्या. पारधी, कैकाडी, भामटा अशा घरांत जन्मलेल्या माणसाने काही केलेलं असो वा नसो, त्याच्या बोटांचे ठसे सरकारजमा. ठरलेले गुन्हे दुसऱ्यांदा सिद्ध झाले तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळं पाणी. शेजारच्या घरातल्या बिगरनोंदणीच्या चोराला ही वाढीव शिक्षा लागू नव्हती.

सोलापूरची वसाहत याच कायद्याखालची. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, पास नसताना सापडलं तर तोच गुन्हा. बायकामुलांसह अख्खं कुटुंब आत. सोलापूर गिरण्यांचं गाव. १८७७ ची जुनी मिल होती, मग लक्ष्मी, विष्णू आल्या. त्यांना कामगार लागत होते आणि इथे हजेरीपटावरचे कामगार आयते मिळत. काही काळ वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनकडे होता. शाळा होती, मजुरी मिळत होती, आणि चालवणारे या सगळ्याला ‘सुधारणा’ म्हणत. त्यातल्या काहींचा हेतू खरा असेलही. पण न केलेल्या गुन्ह्यातून कोणाला सुधारायचं, हे कोडं तारेच्या आतल्याला कसं सुटावं?

याच शहराने जरबेचा प्रयोगही पाहिला. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यचळवळीतल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असा सरकारचा हिशोब असणार. त्या चौघांचे पुतळे असलेल्या चौकाला सोलापूरकर आज ‘चार पुतळे’ म्हणतात.

या सगळ्यापेक्षा मला जास्त बोलकी वाटते ती सांगोल्याच्या शिवेपलीकडची आटपाडी. औंध संस्थानाने तिथे १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर वसवलं. राहणारे शिक्षा झालेले कैदी होते, खुनाच्या गुन्ह्यातलेसुद्धा. ते कुटुंबासह राहत आणि शेती करत. भिंत नव्हती. माणदेशातल्या त्या माळावर खून शाबीत झालेला माणूस मोकळा फिरत होता, आणि तेव्हाच सोलापुरात कधी सुईही न चोरलेली बाई पास मागायला उभी होती. दोन्हीकडे नाव एकच, वसाहत. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही चालू आहे.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’. मात्र १९५९ मध्ये मुंबई राज्याने ‘सराईत गुन्हेगारां’साठी वेगळा कायदा केला. त्यात जमातीचं नाव नाही, पण पोलिसांची नजर इतक्या लवकर कुठे बदलते? ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांतले जातीवरून कामं आणि बराकी वाटणारे नियम रद्द करावे लागले. विमुक्त जमातींना सराईत समजणारा मजकूर तोवर त्या नियमावल्यांत होताच.

त्याच वर्षी १ जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. पाच हजारांखालच्या चोरीत माल परत केला, तर पहिल्या वेळी समाजसेवेची शिक्षा होते. ‘पहिल्या वेळी’ हे शब्द सेटलमेंटमधल्या पोराच्या बाबतीत पोलीस ठाण्यात कसे वाचले जातात, ते बघायचं.