हेल्मेटमधून मागचं पाहणं : आरशाचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं

‘मागचं दाखवणारं हेल्मेट’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या गेल्या आहेत. एकीत आरसे असतात, दुसरीत कॅमेरा आणि छोटा पडदा. दोन्हींत समोर बघता बघता नजरेच्या कडेला मागचा रस्ता दिसतो, म्हणून त्या सारख्याच वाटतात. पण त्या बिघडतात वेगवेगळ्या कारणांनी, आणि डोळ्यांना फसवतातही वेगवेगळ्या रीतीने.

आरशाचं हेल्मेट म्हणजे ब्रिटनच्या रीवू कंपनीचा मार्ग. हेल्मेटच्या मागच्या बाजूला एक खिडकी असते. तिथून आत आलेला प्रकाश चकचकीत पॉलिकार्बोनेटच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होत डोक्याच्या वरून पुढे येतो आणि कपाळापाशी असलेल्या आरशातून डोळ्यांपर्यंत पोहोचतो. यात बॅटरी नाही, वायर नाही, चालू-बंद करायचं बटण नाही. दिसतं ते त्याच क्षणाचं असतं. अडचण आहे ती जागेची. प्रकाशाला डोक्यावरून वाट करून द्यायची, तर कवचाच्या आत पोकळी हवी, आणि धडकेचा मार सोसणारा फोमचा थर नेमका तिथेच असतो. त्या थराची जाडी आणि सलगपणा राखून आरसे बसवणं हे या हेल्मेटमधलं खरं कौशल्य. शिवाय हेल्मेट डोक्यावर जरा वर-खाली बसलं की चित्र सरकतं, त्यामुळे माप अचूक असावं लागतं.

कॅमेऱ्याच्या हेल्मेटमध्ये मागे रुंद कोनाची लेन्स असते आणि तिचं चित्र डोळ्यांजवळच्या पारदर्शक पडद्यावर उमटतं. यालाच हेड-अप डिस्प्ले म्हणतात. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो आणि एवढ्या जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणून मध्ये अशी भिंगं लागतात की चित्र काही मीटर पुढे तरंगत असल्यासारखं वाटावं. हे नीट साधलं नाही, तर रस्त्यावरून पडद्याकडे आणि पुन्हा रस्त्याकडे जाताना डोळ्याला दर वेळी फोकस बदलावा लागतो, आणि लांबच्या प्रवासात तो ताण जाणवतो.

आणखी एक बारकावा आहे. कॅमेरा मागे तोंड करून असतो. तुमच्या उजवीकडून येणारी गाडी त्याच्या मूळ चित्रात डावीकडे पडते. आरशात हा घोळ होत नाही, उजवीकडची गाडी उजवीकडेच दिसते. म्हणून कॅमेऱ्याचं चित्र आडवं उलटवूनच पडद्यावर आणावं लागतं. खरेदीआधी तपासायची पहिली गोष्ट कुठली असं विचाराल, तर मी हीच सांगेन.

कॅमेऱ्याचं चित्र उशिरा पोहोचतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलं जातं. समजा चित्राला ०.१ सेकंद उशीर झाला आणि मागची गाडी तुमच्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर जास्त वेगाने येत आहे. तेवढ्या वेळात ती एक मीटर पुढे सरकते. त्याने निर्णय बदलावा असं क्वचितच घडेल. पण मान सेकंदाला १०० अंश या वेगाने वळवली, तर तोच उशीर चित्राला १० अंश मागे ठेवतो. सगळा देखावा डोक्यामागून ओढत आल्यासारखा वाटतो आणि मळमळूही शकतं. आरशाच्या हेल्मेटमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही.

अंतराच्या बाबतीत मात्र सावधगिरी दोन्हीकडे हवी. रुंद कोनाच्या लेन्समध्ये मागची गाडी लहान, म्हणून दूर भासते. आरसा बहिर्वक्र असेल तर तिथेही तेच. ‘अजून लांब आहे’ असं वाटून लेन बदलणं हा या हेल्मेटांमधला सगळ्यात मोठा धोका आहे, असं माझं मत आहे.

कॅमेऱ्याची बाजू जड होते ती मागचं रुंद दृश्य दाखवता येतं म्हणून. स्कली एआर-१ हे अमेरिकन हेल्मेट १८० अंश दाखवण्याचा दावा करत होतं. २०१४ मध्ये इंडीगोगो या लोकांकडून निधी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर त्यासाठी सुमारे २४ लाख डॉलर जमले, पण २०१६ मध्ये कंपनी बंद पडली आणि आगाऊ पैसे भरलेल्या अनेकांना हेल्मेट मिळालंच नाही. त्याच वर्षी जानेवारीत बीएमडब्ल्यूने लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात हेड-अप डिस्प्लेचं हेल्मेट दाखवलं. नंतर जपानमधून क्रॉसहेल्मेट आलं, मागच्या कॅमेऱ्यासह. म्हणजे कल्पना मेलेली नाही, पण तिची वाट खडतर आहे. प्रत्येक हेल्मेटला आधी डोकं वाचवायचं असतं, त्यात बॅटरी, पडदा आणि सर्किट घातलं की वजन वाढतं आणि कपाळाजवळ टणक वस्तू येते. त्यामुळे ईसीई २२.०६ सारख्या हेल्मेट-सुरक्षेच्या प्रमाणनाचा शिक्का या सगळ्या साहित्यासह मिळाला आहे का, हे बघायलाच हवं.

नुसता हेड-अप डिस्प्ले असलेलं हेल्मेट म्हणजे मागचं दाखवणारं हेल्मेट नव्हे. त्यातली बरीच फक्त वेग आणि रस्त्याची दिशा दाखवतात.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, आणि ती जाहिरातीत येत नाही. गाडीचे आरसे हँडलला असतात, तर हेल्मेटची ‘मागची नजर’ डोक्याबरोबर फिरते. उजव्या खांद्यावरून पाहायला मान वळवली की हेल्मेटची पाठ डावीकडे मागे वळते. म्हणजे ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणारी जागा) तपासायच्या क्षणी मागचं चित्र भलतीकडचं असतं. या हेल्मेटचा उपयोग होतो तो नजर समोर असताना : सिग्नलला उभं असताना मागून कोणी न थांबता येतंय का, ब्रेक दाबण्याआधी पाठीशी कोण चिकटलंय, हे हँडलच्या आरशापर्यंत नजर खाली न नेता कळतं.

घालून बघाल तेव्हा गाडी स्टँडवर लावा, मान सरळ ठेवा आणि कोणाला तरी मागून डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात चालायला सांगा. ती व्यक्ती जिथे जिथे दिसेनाशी होते ते कोन लक्षात ठेवा, आणि रस्त्यावर तेवढ्या जागा मान वळवूनच बघा.