बिडी पिणाऱ्याला जिनिंगवर घ्यावे की नाही?

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाट, वणी, आकोट या पट्ट्यातल्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचे, रेचे (यंत्रे) फिरू लागतात आणि फाटकावर हंगामी भरती निघते. गंजीवरून कापूस ओढणारे, रेच्यावर कापूस सोडणाऱ्या बाया, सरकी वाहणारे, गाठी बांधणारे असे सगळे एकदमच लागतात. कापसाच्या कारखान्यात आगीची धास्ती बारा महिने असतेच. त्यामुळे ‘बिडी पिणारा माणूस घ्यायचाच नाही’ असे एखाद्या मालकाने ठरवले, तर त्यात नवल नाही. जगात मोठमोठ्या संस्थांनी हे केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली धूम्रपान करणाऱ्यांना नोकरी देणे थांबवले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २००७ पासून तेच धोरण धरले. आपल्याकडे झारखंडने २०२१ पासून सरकारी नोकरीसाठी ‘तंबाखू खाणार-ओढणार नाही’ असे शपथपत्र मागायला सुरुवात केली. उलट अमेरिकेतल्याच निम्म्याहून अधिक राज्यांत, माणूस कामाच्या वेळेबाहेर तंबाखू ओढतो म्हणून त्याला नोकरी नाकारायला कायद्याने मनाई आहे.

आता हा प्रश्न जिनिंगच्या फाटकावर आणून पाहू.

पेटत्या सिगारेटचे टोक झुरका घेताना ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि कापूस साधारण ४०० अंशांच्या आसपास पेट घेतो. बिडीची आणखी एक खोड आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, त्यामुळे झुरके थांबले की ती विझते आणि माणूस पुन्हा काडी ओढतो. एका बिडीमागे दोन-तीन काड्या सहज जातात. यातली एखादी काडी गंजीच्या कडेला पडली, तर ज्वाळा दिसेलच असे नाही. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो आणि गंजीत हवा दबून राहिलेली असते. त्यामुळे आग आतल्या आत धुमसत पुढे सरकते आणि वास-धूर बाहेर यायला काही तास लागू शकतात. मग पाण्याचा मारा केला तरी फारसे साधत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, पाणी वरूनच ओघळते. पाण्यात थोडी धुण्याची पावडर मिसळली तर ते आत मुरते. तरीही गंजी फोडून धुमसता भाग मोकळ्या जागेत वेगळा काढावाच लागतो.

निखाऱ्यासकट कापूस प्रेसमध्ये गेला तर त्याहून वाईट. १७० किलोच्या घट्ट गाठीतही तो दिवसेंदिवस धुमसू शकतो. संशय आलेली गाठ गोदामात लावू नये, ट्रकवर चढवू नये. उघड्यावर, इतर गाठींपासून लांब, किमान पाच दिवस नजरेखाली ठेवावी. घाईने तिच्या पट्ट्या तोडू नयेत, कारण गाठ फुलते, हवा आत शिरते आणि भडका उडतो.

एवढे वाचून मालक म्हणेल, ‘मग माझंच बरोबर!’ थोडे थांबा. जिनिंगमधल्या आगींना बिडीशिवाय इतर बरीच कारणे असतात. कापसासोबत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्राच्या दात्यांवर आपटून ठिणगी उडते. कापूस अडकून रोलर घासतो आणि तापतो. बेअरिंग कोरडे पडते, वायरिंगचा जोड सैल होतो. आयुष्यात कधी बिडी न शिवलेल्या मजुरांच्या कारखान्यातही ही आग लागतेच. तिच्यावर उपाय म्हणजे कापसाच्या वाटेवर लोहचुंबक, वेळेवर ग्रीस आणि रोजची झाडलोट. आणि जी आग बिडीनेच लागते, तिच्यासाठी माणूस घरी काय ओढतो याला महत्त्व नाही. कुंपणाच्या आत काडी पेटली की नाही, एवढेच बघायचे. रात्री अंगणात बसून बिडी पिणाऱ्याने गंजी कधी पेटवलेली नाही.

दुसरी अडचण विदर्भाची खास आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्याकडच्या पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण) डोळ्यासमोर आणा, म्हणजे हे आकडे पटतील. धूम्रपान न करणाराच माणूस घ्यायचा, या नियमाने दिवसाला पाच खर्रे खाणारा सरळ आत येतो आणि सणासुदीला एखादी बिडी पिणारा बाहेर राहतो. आगीच्या हिशेबाने खर्रेवाला निर्धोक, हे खरे. पण मालक आरोग्याची भाषा बोलत असेल तर त्याने खर्र्याकडे डोळेझाक करू नये. खर्र्यातला चुना तोंडात अल्कता वाढवतो, त्यामुळे निकोटीन गालाच्या आतून झपाट्याने शोषले जाते. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरलेली आहे. खर्र्यावर महाराष्ट्रात २०१३ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही बसस्टँडची भिंत सांगेल.

‘मग तपासणीच करू’ म्हणणाऱ्यांनी तपासणी काय मोजते ते आधी समजून घ्यावे. निकोटीन रक्तात सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणून थेट ते मोजत नाहीत. शरीर त्याचे कोटिनिन बनवते. ते निम्मे व्हायला साधारण १६ तास लागतात. लघवीच्या पट्टीवर बहुधा दर मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम ही मर्यादा धरतात. समजा एखाद्याच्या लघवीत २,००० नॅनोग्रॅम कोटिनिन आहे. ते दहाव्या हिश्शावर यायला सुमारे ५३ तास पुरतात. म्हणजे शुक्रवारी रात्री शेवटची बिडी टाकलेला माणूस सोमवारी सकाळी फाटकावर स्वच्छ निघू शकतो. सोमवारी दुपारी तो पुन्हा पेटवेल.

शिवाय कोटिनिन धुराचे आहे की खर्र्याचे, हे पट्टी सांगत नाही. तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनचे गम चघळणाराही तिच्यात सापडतो, म्हणजे जो सुधारायला निघाला तोच आधी अडकतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे घरी बिड्या वळणाऱ्या बायांच्या शरीरात तंबाखूची पूड त्वचेतून आणि श्वासातून जाते. आयुष्यात एक झुरका न घेतलेल्या बाईच्या लघवीतही कोटिनिन मिळू शकते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र धूर आणि खर्रा वेगळे करते खरे, पण तो वायू काही तासांतच ओसरतो आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचा आकडाही वर जातो. शपथपत्राबद्दल तर बोलायलाच नको. तिथे खोटे बोलणारा आत आणि खरे सांगणारा बाहेर.

पैशाचा मुद्दाही इथे लंगडा आहे. २०१३ च्या एका अमेरिकी अंदाजानुसार धूम्रपान करणाऱ्या एका कर्मचाऱ्यामागे मालकाला वर्षाला सुमारे ५,८०० डॉलर जास्त खर्च येतो. त्यात बिडी-सुट्टीत गेलेला वेळ आणि आरोग्यविमा हे मोठे भाग आहेत. आपल्याकडे राज्य कामगार विम्यासाठी मालक वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के, मग तो बिडी पिवो अथवा न पिवो. हंगामी मजुराला बहुतेक वेळा तोही विमा नसतो. न घेतलेल्या माणसाचे मात्र नुकसान होते. कॅलिफोर्नियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नोकरी शोधणाऱ्यांपैकी धूम्रपान न करणाऱ्या ५६ टक्के लोकांना वर्षभरात काम मिळाले, करणाऱ्यांपैकी फक्त २७ टक्के लोकांना. कारण फक्त तंबाखूच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी बिडी पिणारा इथला माणूस आधीच भूमिहीन किंवा कोरडवाहू दोन एकरवाला असतो, हे विसरून चालत नाही.

एका ठिकाणी मात्र मालकाची काळजी शास्त्राला धरून आहे. कापसाच्या धुळीतल्या जिवाणूंची विषद्रव्ये फुप्फुसाच्या नळ्या आवळतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरते, आठवडा सरताना बरे वाटते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि कायद्याने तो नोंदवण्याजोगा व्यावसायिक रोग आहे. बिडी-सिगारेट त्याला आणखी जड करते. पण त्यासाठी माणूस गाळण्यापेक्षा धूळ कमी करणे आणि फुंकून घेतलेली फुप्फुसांची तपासणी करणे उपयोगाचे. अमेरिकेत कापूस-धुळीच्या नियमांत आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी पाळीआधी आणि पाळीनंतर पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा मोजतात. ती ५ टक्के किंवा २०० मिलिलिटर घटली, तर दर सहा महिन्यांनी तपासतात. अशा माणसाला रेच्यावरून काढून सरकीच्या किंवा वजनकाट्याच्या कामाला लावता येते.

मग मालकाने करायचे काय? आमच्या मते नियम जागेला आणि वेळेला लावावा. २००८ च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहेच. प्रत्येक प्रवेशद्वारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी हवी, तिच्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव हवे, आणि राखदाणी-माचिस ठेवता येत नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. माचिस आणि लायटर फाटकावरच जमा करावेत. फक्त एवढ्यावर थांबू नये. निकोटीन दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे तिसऱ्या तासाला तलफ चढते आणि माणूस संडासामागे किंवा सरकीच्या ढिगाआड जातो. सगळ्यात धोक्याची बिडी हीच, लपून घाईत प्यालेली. त्यापेक्षा अडीच-तीन तासांनी सर्वांनाच दहा मिनिटांची सुट्टी द्यावी, बिडी पिणाऱ्यालाही आणि न पिणाऱ्यालाही. जागा फाटकाबाहेर, झाडलेली, रेतीचा डबा ठेवलेली असावी. जाण्याआधी अंगावरचा कापूस झटकायचा, कारण रुईने भरलेली बाही काडीजवळ धरली तर काय होते ते सांगायला नको.

सोडवायचे असेल तर पैसा उपयोगी पडतो, आणि तो भरतीत वाचवण्यापेक्षा इथे लावावा. अमेरिकेतल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या ८७८ कर्मचाऱ्यांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना धूम्रपान सोडण्यासाठी ७५० डॉलरपर्यंतचे बक्षीस ठेवले. वर्षाअखेर त्यांच्यातले १४.७ टक्के सुटलेले होते, नुसती माहिती मिळालेल्यांत ५ टक्के. आपल्याकडे १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती सेवा फुकट आहे. दोन मिलिग्रॅमचे निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर चार मिलिग्रॅमचे लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गम फसतो तो चुकीच्या चघळण्यामुळे. नेहमीच्या च्युइंगगमसारखे कचाकच चावले की निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, जळजळ होते आणि माणूस म्हणतो, ‘बेकार आहे.’ हळूहळू चावावे, तिखटसर झिणझिणी आली की थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे. चव गेली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये, कारण आम्लामुळे निकोटीन शोषले जात नाही, आणि जिनिंगच्या सुट्टीत चहा तर येणारच. म्हणून चहा आधी, गम नंतर, मध्ये पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. खर्रा खाणाऱ्याला गालात ठेवण्याची सवय असतेच, त्याला हे लवकर जमते. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड सर्वांत जास्त होते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. या दिवसांत त्या माणसाला प्रेसवर किंवा चालत्या रोलरजवळ उभे करू नये. गम आठ ते बारा आठवडे लागतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला धरलेला माणूस हंगाम संपायच्या आत त्यातून बाहेर येऊ शकतो.