जुना लागतो, नवा लागतो, मधलाच प्रिंटर का अडतो?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून कोल्हापुरात लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल, विचारणारे वाढलेत. मशीन धडधाकट आहे पण विंडोज ११ घेत नाही, अशी दुकानं, क्लासेस आणि छोटी ऑफिसं शाहूपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत भरपूर आहेत. लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा अवतार टाकला की ब्राउझर चालतो, लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस पॅकेज चालतं, मराठी टायपिंगही चालतं. मग हमखास प्रश्न येतो: "आणि प्रिंटर लागेल ना?"

उत्तर ऐकून लोक चक्रावतात. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर पट्ट्या छापणारा जुनाट डॉट मॅट्रिक्स लागतो. परवा घेतलेला वायफायचा इंक टँक तर आपला आपणच लागतो. अडतो तो या दोघांच्या मधला: झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलावर, सोसायटीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं इमानेइतबारे चालत आलेला छोटा काळा-पांढरा लेझर. दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. खरं कारण मात्र प्रिंटरची भाषा कोणी उघडी ठेवली आणि कोणी झाकून ठेवली, यात आहे.

लिनक्स ज्या धर्तीवर बेतलंय त्या जुन्या युनिक्स सिस्टीमच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. लाइन प्रिंटरला अक्षरं पाठवायची, तो ओळीमागून ओळ ठोकत जायचा. एकाच मशीनवर अनेक जण काम करत, त्यामुळे खरी अडचण असायची ती रांगेची. बर्कलीच्या युनिक्सने त्यासाठी पाठीमागे सतत चालणारा एलपीडी हा प्रोग्रॅम आणि एलपीआर ही कमांड दिली, तर एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही ने एलपी दिली. एलपीडीची पद्धत १९९० मध्ये आरएफसी ११७९ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात नोंदवली गेली. एलपी आणि एलपीआर या दोन्ही कमांड आजही लिनक्सच्या टर्मिनलवर चालतात.

डॉट मॅट्रिक्स आले तेव्हा एप्सनने ईएससी/पी नावाचा संकेतांचा संच ठरवला. अक्षर ठळक कर, कागद पुढे ढकल, ओळींतलं अंतर कमी कर, प्रत्येकाला ठरावीक संकेत, आणि ते सगळे प्रिंटरसोबतच्या पुस्तिकेत छापलेले. इतर कंपन्यांनीही तेच उचलले. म्हणून अडतीवरचा प्रिंटर आज लिनक्सला लावला, तर ९ पिन की २४ पिन एवढंच निवडायचं आणि चाचणीचं पान काढायचं. कार्बन लावून एका ठोक्यात तीन प्रती निघतात, त्यामुळे हे प्रिंटर अजून हलायला तयार नाहीत, आणि हलायचं कारणही नाही. मराठीचं तेवढं वेगळं होतं. प्रिंटरच्या पोटात रोमन अक्षरं कोरलेली असत, देवनागरी सहसा नसे. 'श्री' छापायचा तर त्याचं ठिपक्यांचं चित्र संगणकानेच करून पाठवायचं. म्हणून इंग्रजी बिल खडखड करत निघायचं आणि मराठी पावती सावकाश उतरायची.

झाकाझाकीची पहिली ठिणगी बोस्टनजवळच्या एमआयटीत पडली, साधारण १९८० च्या सुमारास. तिथल्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबच्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी एक साधी सोय केली होती: कागद अडकला की प्रिंटची वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जायचा आणि कोणीतरी उठून कागद सोडवायचं. पुढे झेरॉक्सने लॅबला नवा लेझर प्रिंटर दिला. तो वेगवान होता, पण कागद त्याचाही अडकायचा. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, दिलेला नसल्यामुळे तीच सोय त्यात करता येईना. स्टॉलमन यांनी कार्नेगी मेलनमधल्या एका संशोधकाकडे तो मागितला. कुणाला देणार नाही असा शब्द दिलाय, असं सांगून त्याने नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रकल्प जाहीर केला आणि या प्रिंटरची गोष्ट ते आजही त्यामागचं एक कारण म्हणून सांगतात. आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो, त्यातला मोठा भाग त्या प्रकल्पातून आला. मुक्त सॉफ्टवेअरच्या मुळाशी एका प्रिंटरचा राग आहे, हे मला नेहमीच फार मोलाचं वाटत आलंय.

१९८४ मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला, त्याची भाषा पीसीएल. त्याच वर्षी अॅडोबीने पोस्टस्क्रिप्ट आणली आणि १९८५ मध्ये अॅपलच्या लेझरराइटरमधून ती टेबलावर पोहोचली. पोस्टस्क्रिप्टमध्ये अख्खं पान म्हणजे एक प्रोग्रॅम असतो: इथून रेघ ओढ, ही वक्ररेषा भर, हे अक्षर या मापात ठेव. तो वाचून पान तयार करायचं काम प्रिंटरचं. त्यासाठी लेझरराइटरमध्ये १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दीड एमबी मेमरी होती, म्हणजे शेजारच्या मॅकिंटॉशपेक्षा प्रिंटरच जास्त ताकदीचा. किंमतही तशीच, ६,९९५ डॉलर.

असा प्रिंटर नव्वदच्या दशकात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्याला परवडणं शक्यच नव्हतं. त्याला वाचवलं घोस्टस्क्रिप्टने. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम पोस्टस्क्रिप्टचं पान संगणकावरच रंगवतो आणि समोरच्या स्वस्त प्रिंटरला कळेल अशा रूपात पाठवतो. जोडणी मात्र हाताने करावी लागे. 'प्रिंटकॅप' नावाच्या फाइलमध्ये एकेक ओळ लिहायची, आणि त्यातला एक कोलन (:) चुकला तरी काम बंद. कुठला प्रिंटर चालतो याची यादी ग्रँट टेलर यांनी ठेवायला घेतली. तीच पुढे लिनक्सप्रिंटिंग नावाने वाढली आणि टिल कँपेटर यांनी ती पुढे नेली. त्या यादीत प्रिंटरना श्रेणी असे: उत्तम, बऱ्यापैकी, अर्धवट आणि शेवटची 'पेपरवेट'.

पेपरवेटच्या श्रेणीत भर पडायला सुरुवात झाली ती विंडोजपुरत्या बनवलेल्या स्वस्त लेझर प्रिंटरमुळे. हिशोब सरळ होता. घरोघरचे संगणक ताकदवान झाले होते, मग प्रिंटरमध्ये वेगळा प्रोसेसर आणि मेमरी कशाला? पान विंडोजनेच रंगवायचं, ठिपक्यांचा दाबून बांधलेला गठ्ठा पाठवायचा, प्रिंटरने फक्त तो कागदावर उतरवायचा. किमती धाडकन खाली आल्या आणि लेझर सामान्य दुकानदाराच्या हातात आला, हे श्रेय द्यायलाच हवं. पण गठ्ठा कसा बांधायचा हे कंपनीने कुठेच छापलं नाही.

आपल्याकडच्या झेरॉक्स सेंटरांत जागोजागी दिसणारे दोन प्रिंटर याच जातीचे: एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. १०२० चं वागणं समजून घेण्यासारखं आहे. तो चालू होतो तेव्हा जवळजवळ कोरा असतो. स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, तो जपून ठेवत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते त्याच्यात भरायचं, मगच तो छापतो. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, हे गुपचूप करून टाकतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. लिनक्सवर ती सोय केलेली नसेल, तर सकाळी छापणारा प्रिंटर दुपारी लाईट जाऊन आल्यावर ढिम्म हलत नाही. रांगेत काम दिसतं, दिवा हिरवा असतो, कागद मात्र येत नाही. समोर विद्यापीठाचा फॉर्म घेऊन पोरं उभी असतात आणि दुकानदार वायर काढून घालत बसतो. वायरीचा काही दोष नसतो.

ही भाषा बाहेरून उलगडणारे लोक निघाले, याचं मला अजून अप्रूप वाटतं. रिक रिचर्डसन यांनी १०२० सारख्या प्रिंटरसाठी फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर लिहिला आणि यूएसबीला प्रिंटर दिसताच फर्मवेअर भरण्याची व्यवस्थाही त्यात दिली. पुढे एचपीने आपला एचपीएलआयपी हा ड्रायव्हर खुला ठेवला, पण काही प्रिंटरना लागणारं प्लगइन बंदच आहे आणि ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. २९०० साठी कॅननने लिनक्सचा ड्रायव्हर दिला, पण त्याचा गाभा बंद आणि ३२ बिटचा. ६४ बिटच्या लिनक्सवर तो बसवताना लोकांचा जीव मेटाकुटीला येतो.

रांगेची जुनी व्यवस्था बदलली ती मायकल स्वीट यांच्या कप्स या छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममुळे. काम १९९७ मध्ये सुरू झालं आणि मे १९९९ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती लोकांसमोर आली. सुरुवातीला एलपीडीच वापरायचा विचार होता, पण तो अपुरा पडतोय हे दिसल्यावर नव्याने घडत असलेल्या आयपीपी या नेटवर्कवरून छापण्याच्या नियमावलीवर (प्रोटोकॉलवर) सगळं उभारलं. प्रिंटकॅप गेलं आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', कोलन (:), ६३१ टाकून प्रिंटर जोडायची सोय आली. ते पान आजही उघडतं, आणि मिंटच्या खिडक्यांमधून काही जमलं नाही तर मी आधी तिथेच जातो. २००२ मध्ये अॅपलने कप्स मॅकसाठी घेतलं, २००७ मध्ये विकतच घेतलं. म्हणजे मॅकवरचं आणि लिनक्सवरचं छपाईचं इंजिन एकच. २०१९ च्या शेवटी स्वीट अॅपलमधून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ओपनप्रिंटिंग या लिनक्सच्या छपाईवर काम करणाऱ्या गटाने कप्सची स्वतंत्र शाखा सुरू केली. आज लिनक्सवर येतं ते तिथलं.

दरम्यान २००६ मध्ये अटलांटातल्या बैठकीत लिनक्सच्या छपाईकरांनी ठरवलं की पोस्टस्क्रिप्टऐवजी पीडीएफ पाठवायची. मराठीला याचा मोठा फायदा झाला. जोडाक्षरं आणि वेलांट्या संगणकावरच जुळतात, फाँट पीडीएफमध्येच बसतो, आणि प्रिंटरला देवनागरी येते का हा प्रश्नच उरत नाही.

गुपितं ठेवण्याची सवय शेवटी मोडली ती मोबाइलमुळे. नोव्हेंबर २०१० मध्ये अॅपलने आयफोनवर एअरप्रिंट आणलं. फोनमध्ये प्रत्येक प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर टाकणं शक्य नव्हतं, म्हणून प्रिंटरलाच एक सामाईक भाषा शिकवणं भाग पडलं, आणि ती आयपीपीच्या पायावर उभी होती. लिनक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं मागूनही जे मिळालं नाही, ते फोनच्या गिऱ्हाइकाने न मागता मिळवून दिलं. प्रिंटर नेटवर्कवर आपलं नाव आणि कुवत स्वतःच सांगतो, कप्स ती वाचून रांग तयार करतं. आयपीपी-यूएसबीमुळे हेच वायरीवरूनही जमतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली यांनी याच आपोआप शोधणाऱ्या भागात, कप्स-ब्राउज्डमध्ये, गंभीर त्रुटी दाखवून दिल्या: बाहेरच्या कुणालाही खोटा प्रिंटर घुसवता येत होता. त्रुटी दुरुस्त झाल्या आहेत, पण जुनं मिंट अपडेट न करता चालवणाऱ्यांनी आजच अपडेट करावं.

राजारामपुरीत नवा प्रिंटर घ्यायला जाल तेव्हा खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया (अँड्रॉइड फोनसाठीची तशीच खूण) लिहिलंय का ते आधी बघा. असेल तर लिनक्सवर तो बहुतेक बिनबोभाट लागतो. जुन्या लेझरचं भवितव्य मात्र सारखं नाही. कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीतून पीपीडी, म्हणजे प्रिंटरची जुन्या धर्तीची वर्णनफाइल, काढून टाकायचं ठरलंय. सोर्स खुला असलेले जुने ड्रायव्हर नव्या पद्धतीत बसवायचं काम ओपनप्रिंटिंगने केलंय, फू-टू-झेडजेएस त्यातलाच, त्यामुळे १०२० वाल्यांना पुढचा रस्ता आहे. कॅननच्या बंद ड्रायव्हरला तसं कुणी हात लावू शकत नाही. २९०० ची सगळी आशा आता भाषा बाहेरून उलगडून लिहिलेल्या कॅप्टड्रायव्हर या खुल्या ड्रायव्हरवर आहे.