व्यायामकालीन उच्च हृद्गती (तंदुरुस्त तरुणांतील)

व्यायाम करताना हृदयाचे ठोके वयावरून काढलेल्या अपेक्षित कमाल आकड्याच्या वर जाणे, किंवा ठरावीक वेगाने धावताना बरोबरीच्या इतरांपेक्षा ते बरेच जास्त पडणे, अशा दोन वेगळ्या गोष्टींना ही संज्ञा सैलपणे लावली जाते. विशीतल्या निरोगी व्यक्तीची नाडी पूर्ण जोराच्या श्रमात मिनिटाला १९० ते २०५ पर्यंत जाते; २१० ते २१५ पर्यंत जाणारेही निरोगी असू शकतात. यातल्या बहुतेक तरुणांना कोणताही आजार नसतो. आजार असलेले थोडे जण ओळखायचे तर कमाल आकड्यापेक्षा गती कशी चढते, कशी उतरते आणि सोबत कोणती लक्षणे दिसतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

विश्रांतीत हृदयाच्या नैसर्गिक गतिकारकावर (सायनस नोडवर) व्हेगस मज्जातंतूचा लगाम असतो. श्रम सुरू होताच तो प्रथम सैल होतो आणि नाडी १०० च्या आसपास पोचते. त्यापुढची वाढ मुख्यतः अनुकंपी मज्जासंस्था (श्रम-तणावात शरीराला सज्ज करणारी) आणि ॲड्रेनालिन यांच्यामुळे होते. व्हेगस आणि अनुकंपी या दोन्हींचा प्रभाव औषधांनी काढून घेतल्यावर उरणारी हृदयाची मूळ गती वयानुसार घटते. जोस आणि कॉलिसन यांनी १९७० मध्ये ती ११८.१ − (०.५७ × वय) अशी मांडली. कमाल हृद्गती वयाबरोबर कमी होण्याचे एक कारण यात आहे. नियमित सरावाने एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त वाढते, म्हणून त्याच वेगाला नाडी कमी लागते. कमाल गती मात्र सरावाने वाढत नाही, उलट किंचित उतरते. त्यामुळे २१० पर्यंत जाणारा धावपटू १८८ वर थांबणाऱ्यापेक्षा अधिक किंवा कमी तंदुरुस्त ठरत नाही.

‘२२० वजा वय’ या सूत्राचा उगम वादग्रस्त आहे. अनेक पाठ्यपुस्तके त्याचे श्रेय फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांना देतात. कार्व्होनेन आणि सहकाऱ्यांचा १९५७ चा निबंध तरुण पुरुषांच्या सरावाविषयी होता. त्यातून ‘राखीव हृद्गती’ची (कमाल गती वजा विश्रांतीतील गती) पद्धत आली, हे सूत्र नव्हे, असे सूत्र आपण प्रसिद्ध केलेले नाही, असे त्यांनी स्वतःही नंतर कळवले होते. सूत्राचा माग सामान्यतः फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ च्या लेखापर्यंत लागतो. त्यात आधीच्या अभ्यासांतले सुमारे ३५ बिंदू आलेखावर मांडून त्यांच्या कलाशी ढोबळमानाने जुळणारी रेषा सुचवली होती. संख्याशास्त्रीय समीकरण काढलेले नव्हते. रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी २००२ मध्ये त्याच बिंदूंवर समीकरण बसवले, तेव्हा २१५.४ − (०.९१४७ × वय) असे उत्तर आले. वयाबरोबर कमाल गती घटते हे निरीक्षण मात्र निदान १९३८ इतके जुने, सिड रॉबिन्सन यांच्या हार्वर्डमधील कामात सापडते.

नंतरच्या सूत्रांपैकी टनाका, मोनाहन आणि सील्स यांचे (२००१) २०८ − (०.७ × वय) हे ३५१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणावर आधारलेले आहे. नॉर्वेतील नेस आणि सहकाऱ्यांनी (२०१३) ३,३२० निरोगी व्यक्तींवरून २११ − (०.६४ × वय) असे मांडले. वीस वर्षे वयासाठी ही सूत्रे अनुक्रमे १९४ आणि १९८ देतात, तर जुने सूत्र २००. फरक किरकोळ आहे. खरी अडचण सरासरीभोवतीच्या विखुरणीची: प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या फरकाचे माप) १० ते १२ ठोके. म्हणजे एकाच वयाच्या सुमारे सहांपैकी एकाची कमाल गती सरासरीपेक्षा १० ते १२ ठोक्यांनी किंवा त्याहून अधिक वर असते आणि चाळीस जणांपैकी एखाद्याची वीसहून अधिक ठोक्यांनी. सरासरीसाठी टनाका यांचे सूत्र अधिक भरवशाचे वाटते. कोणतेही सूत्र एका व्यक्तीची सुरक्षित मर्यादा म्हणून वापरणे मात्र चूक आहे. सोळाच्या आतील मुलांना ही सूत्रे लागूच पडत नाहीत; त्यांची कमाल गती बरीच वर्षे २०० च्या आसपास स्थिर असते.

चुकीच्या कमाल आकड्याचा परिणाम सरावावर होतो. २२ वर्षांच्या, विश्रांतीत ५६ नाडी असलेल्या व्यक्तीची मोजलेली कमाल गती २०८ असेल, तर राखीव हृद्गती १५२ आणि तिच्या ७०% श्रमाला नाडी ५६ + १०६ = १६२ येते. जुन्या सूत्राने कमाल १९८ धरली तर हाच आकडा १५५ होतो आणि सोपी धावही ‘जास्त’ ठरते. म्हणून कमाल गती मोजावी: १५ मिनिटे अंग गरम करावे, चढावर दोन ते तीन मिनिटांच्या तीन-चार जोरदार धावा घ्याव्यात, मध्ये हळू उतरावे, शेवटची धाव सर्व शक्तीनिशी. त्यातला सर्वांत मोठा, काही सेकंद टिकलेला आकडा घ्यावा. ताप असताना, किंवा धडधड, भोवळ यांचा पूर्वेतिहास असल्यास ही चाचणी स्वतः करू नये. सायकलवर कमाल गती धावण्यापेक्षा साधारण ५ ते १० ठोक्यांनी कमी भरते, पोहताना त्याहूनही थोडी कमी.

महाराष्ट्रातील पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. ही अंतरे जवळजवळ पूर्ण जोराची असल्याने शेवटच्या टप्प्यात नाडी कमाल गतीला भिडणे स्वाभाविकच आहे.

नेहमीच्याच वेगाला नाडी नेहमीपेक्षा जास्त पडू लागली, तर आधी साधी कारणे पाहावीत. उष्ण, दमट हवेत रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तद्रव घटतो, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि ती तूट हृदय गतीने भरून काढते. त्यामुळे वेग तोच ठेवूनही तासाभरात नाडी १० ते २० ठोक्यांनी वर सरकू शकते. वजनाच्या १% इतके पाणी गेले की साधारण ३ ते ५ ठोके वाढतात. अपुरी झोप, नुकताच आलेला ताप, कॅफिनयुक्त पेये, सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि खंडित सराव हीही नेहमीची कारणे. आठवड्यांनंतरही उतार नसेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप) आणि थायरॉइड यांची तपासणी करावी. विशेषतः तरुण स्त्रियांत लोहाची कमतरता वारंवार आढळते.

मापनाची चूकही तितकीच सामान्य. मनगटी घड्याळ प्रकाशाने रक्तप्रवाह टिपते. हात हलल्याने ते कधीकधी नाडी सोडून पावलांचा ठेका मोजू लागते. धावताना तो मिनिटाला १६० ते १८० असल्याने आकडा खरा भासतो. छातीचा पट्टा कोरडा असेल किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा त्यावर घासत असेल, तर पहिल्या काही मिनिटांत २२०-२३० असे खोटे आकडे येतात. पट्ट्याच्या आतली बाजू ओली केली की ते सहसा थांबतात. शंका असेल तर थांबताक्षणी गळ्याची नाडी १५ सेकंद मोजून चौपट करावी. एक ठोका चुकला तरी चार ठोक्यांचा फरक पडतो, आणि उशीर केल्यास आकडा उतरलेला असतो.

निरोगी हृद्गती श्रमाबरोबर पायरीपायरीने चढते आणि थांबल्यावर उतरते. याउलट १५० वरून एका क्षणात २१०-२४० वर उडी, वेग कमी करूनही हलणार नाही असा स्थिर आकडा, आणि तसाच अचानक शेवट, हे हृदयातल्या जादा विद्युत्‌मार्गाचे लक्षण असू शकते. लुई वुल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल डडली व्हाइट यांनी १९३० मध्ये अशा झटक्यांची प्रवृत्ती असलेल्या निरोगी तरुणांचे वर्णन केले. त्यांच्या नावाच्या लक्षणसमूहात शांत अवस्थेतल्या ईसीजीतही पीआर अंतर (विद्युत्संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ) ०.१२ सेकंदापेक्षा कमी आणि डेल्टा तरंग (ठोक्याच्या आलेखाचा सुरुवातीचा तिरका चढ) दिसतात. श्रम चाचणीत ठरावीक गतीला डेल्टा तरंग एकदम नाहीसा झाला, तर तो मार्ग कमी धोक्याचा समजतात. मात्र जोडीने अलिंदांची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची) अनियमित थरथर सुरू झाल्यास व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन ही हृदयाची औषधे देणे घातक ठरू शकते.

नियमित, वेगवान झटका थांबवण्यासाठी सुधारित वालसाल्व्हा युक्ती वापरतात: अर्धवट बसवून १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावतात, मग लगेच पाठीवर आडवे करून पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरतात. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत तिने ४३% रुग्णांची लय पूर्ववत झाली. नेहमीच्या पद्धतीने १७%. कायमचा उपाय म्हणजे कॅथेटरने (शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) तो जादा मार्ग जाळणे.

श्रम चालू असताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, किंवा कुटुंबात चाळिशीआधी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी होईपर्यंत व्यायाम थांबवावा. ईसीजी आणि एकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) हृदयस्नायूची विकृत जाडी सहसा कळते. कॅटेकोलामिनजन्य निलय-अतालतेत (ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांमुळे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडण्याच्या आजारात) मात्र शांत अवस्थेतला ईसीजी आणि एको दोन्ही सामान्य असतात. दोष ट्रेडमिल चाचणीतच उघड होतो. म्हणून अशा रुग्णाला ‘ईसीजी चांगला आहे’ एवढ्यावर घरी पाठवू नये.