जुळ्या गाड्या आणि चार पोस्टकार्डं

भाच्याने एक्सेल शीट पाठवली ती उघडल्या उघडल्या मला हसू आलं. डाव्या रकान्यात टोयोटा जीआर८६, उजव्या रकान्यात सुबारू बीआरझेड. इंजिन २.४ लिटर, २.४ लिटर. ताकद २३५ अश्वशक्ती, २३५ अश्वशक्ती. वजन सारखं, गिअर तेवढेच, टायरची रुंदी तीच, डिकीसुद्धा तेवढीच. सगळ्यात खाली लाल अक्षरांत एक ओळ होती: "मामा, आता तूच सांग. ह्या दोघींत नाकाशिवाय फरक काय आहे?"

त्याची काही चूक नव्हती. ह्या दोन कूपे, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्टी गाड्या, खरोखरच सख्ख्या जुळ्या. जपानच्या गुनमा प्रांतातल्या ओता इथल्या सुबारूच्या कारखान्यात एकाच लाइनवर दोन्ही जन्मतात. टोयोटा आणि सुबारूची ही भागीदारी जुनी आहे. पहिली जोडी २०१२ मध्ये रस्त्यावर आली, दुसऱ्या पिढीतली बीआरझेड २०२० च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आली आणि जीआर८६ पुढच्या एप्रिलमध्ये. ज्याला दोन स्पोर्टी गाड्यांची तुलना शिकायची आहे त्याच्यासाठी ही जोडी म्हणजे आयताच प्रयोग. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, असं प्रयोगशाळेत करतात. इथे कंपन्यांनीच ते करून ठेवलंय.

आधी अश्वशक्तीचा सोक्षमोक्ष लावून टाकू, कारण शीटमध्ये सर्वांत वर तीच होती. चालकासकट गाडीचं वजन साधारण १,३५० किलो धरा. तिला थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरवर न्यायला सुमारे ५२० किलोज्यूल ऊर्जा लागते. २३५ अश्वशक्ती म्हणजे १७३ किलोवॉट. भागाकार केला की उत्तर येतं ३ सेकंद. प्रत्यक्षात मॅन्युअल गिअरच्या गाडीला कंपनीच्याच आकड्यांनुसार ६.३ सेकंद लागतात. मग उरलेली ताकद कुठे गेली? काही हवेने खाल्ली, काही गिअरबॉक्सने, काही गिअर बदलताना वाया गेली. पण खरी गोम अशी की ते २३५ इंजिनाला मिनिटाला ७,००० फेरे होतात तेव्हाचे. आपण काही दिवसभर सात हजारांवर गाडी चालवत नाही.

आपण ज्याला पिकअप म्हणतो तो मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. पहिल्या पिढीच्या २ लिटर इंजिनाला २०५ न्यूटन-मीटर मिळायचे, पण ते ६,४०० फेऱ्यांच्या पुढे. मधे चक्क एक खड्डा होता. ओव्हरटेक करायला पाय दाबला की गाडी क्षणभर विचारात पडायची. नव्या इंजिनात २५० न्यूटन-मीटर ३,७०० वरच हातात येतात. जुनी स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी जुनी आणि नवी अशी तुलना करत असेल, तर २०० आणि २३५ हे दोन आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. फरक त्या खड्ड्यात आहे. जुळ्यांच्या तुलनेत मात्र हा मुद्दा बादच, कारण इंजिन एकच. सुबारूचं आडवं 'बॉक्सर'. पिस्टन समोरासमोर झोपलेले, एक डावीकडे जातो तेव्हा जोडीदार उजवीकडे. सुबारू १९६६ पासून ह्या रचनेला धरून आहे. इंजिन उंचीने चपटं असतं, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. पहिल्या पिढीच्या वेळी तो जमिनीपासून ४६० मिलिमीटरवर असल्याचं सांगत. म्हणजे माणसाच्या गुडघ्याच्या आसपास.

ह्या गुडघ्याएवढ्या उंचीशी आता पुढचं सगळं निगडित आहे.

गाडी रस्त्याला कुठे टेकते? चार टायर, आणि प्रत्येकाचा जमिनीला लागलेला एक तुकडा. टायरमधल्या हवेचा दाब साधारण ३५ पीएसआय असतो आणि प्रत्येक चाकावर सरासरी ३४० किलो वजन येतं. त्यावरून हिशोब केला तर तुकड्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे १४० चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीही थोडं वजन उचलतात, म्हणून हे अगदी काटेकोर नाही. पण ढोबळमानाने एक पोस्टकार्ड. गाडी वळते, थांबते, पळते ती ह्या चार पोस्टकार्डांवर. इंजिन त्यातल्या मागच्या दोनांना ढकलायला सांगू शकतं, एवढंच. ३० मीटर त्रिज्येचं वळण असेल आणि टायर वजनाच्या नऊ-दशांश इतकी बाजूची पकड देत असतील, तर ताशी ५८ च्या पुढे गाडी त्या वळणावर राहणार नाही. मग बॉनेटखाली २३५ अश्वशक्ती असोत की ५००.

वळणावर दुसरी एक गोष्ट होते. आपण जसे बाहेरच्या अंगाला झुकतो तसं वजनही आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं ते तीन गोष्टी ठरवतात: वळण किती कडक, गुरुत्वमध्य किती उंच आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती. ह्या गाडीत ते अंतर पुढे १,५२० आणि मागे १,५५० मिलिमीटर आहे. नऊ-दशांशाच्या त्या वळणावर आतून बाहेर सरकणारं वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असलेली एखादी उंच गाडी असती तर साडेपाचशेच्या वर गेलं असतं.

सरकलं तर सरकलं, बेरीज तीच राहते ना? इथे रबर फसवतं. शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम सांगतो, वजन दुप्पट तर पकड दुप्पट. रबर तो नियम पाळत नाही. त्याच्यावर वजन टाकत जावं तशी पकड वाढते, पण मागे मागे पडत वाढते. समजा, एका टायरवर ३०० किलो असताना तो ३०० किलोची पकड देतो. पुढच्या किंवा मागच्या एका जोडीचे मिळून झाले ६००. आता आतल्यावर १५० उरले आणि बाहेरच्यावर ४५० आले. आतला फार तर १५५ देईल, बाहेरचा ४२०. बेरीज ५७५. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण दिशा पक्की आहे. ज्या जोडीत वजनाची अदलाबदल जास्त, तिची पकड आधी सुटते.

गंमत अशी की एकूण किती वजन सरकणार हे स्प्रिंगच्या हातात नाही. ते उंची आणि रुंदीनेच ठरलं. पण त्यातला किती भार पुढच्या जोडीने झेलायचा आणि किती मागच्या, हे मात्र स्प्रिंग ठरवतात. अंग कलू न देण्याची मेहनत जी जोडी जास्त करते तिच्या वाट्याला जास्त अदलाबदल येते. म्हणजे कडक असण्याची शिक्षाच. मागचं अंग कडक केलं की मागची पकड आधी सैल होते आणि गाडी मागून फिरायला तयार राहते. पुढचं कडक केलं की नाक बाहेर जायला बघतं, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. सामान्य माणसाला दुसरा प्रकार बरा, कारण घाबरून पाय उचलला की गाडी आपोआप वळणात परत येते.

भाच्याच्या शीटमध्ये नसलेला रकाना हाच होता. बाजारात आली तेव्हाच्या बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला ३० न्यूटन, मागची ३५. जीआर८६ ची पुढे २८, मागे ३९. शिवाय मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ती वाकडी सळई, बीआरझेडला १४ मिलिमीटर जाडीची आणि जीआर८६ ला १५ ची. एका मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल. पण सळईची पिळाला होणारी ताठरता जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. १५ भागिले १४, त्याचा चौथा घात: १.३२. एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश जास्त ताठ! सुबारूने पुढची सळई पोकळ आणि पुढचे नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते भाग, ॲल्युमिनियमचे घेतले, टोयोटाने भरीव सळई आणि पोलादी नकल ठेवले. तेही आहेच, पण कल कुठे आहे ते आकड्यांतून दिसतंच. एकीने पुढून धरून ठेवायचं ठरवलं, दुसरीने मागून मोकळं सोडायचं.

(एक सावधगिरी. पुढचे ३० आणि मागचे ३५ एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पुढे स्प्रिंग चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसते, मागे ती आत सरकलेल्या दांड्यावर, त्यामुळे तिथे तरफेचा हिशोब वेगळा लागतो. पुढची पुढचीशी, मागची मागचीशी, एवढीच तुलना करायची.)

सरळ रस्त्यावर हा फरक कळेल का? स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा खालीवर होईल ते ताठरतेच्या वर्गमुळावर ठरतं. २८ आणि ३० मधला सात टक्क्यांचा फरक वर्गमुळात साडेतीन टक्क्यांवर येतो. बसल्या जागी तो ओळखणारा माणूस विरळा. एर्न्स्ट वेबर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आपल्याला फरक जाणवतो तो आकड्यातल्या वजाबाकीने नव्हे, मूळ आकड्याच्या प्रमाणात. शोरूमबाहेर सिग्नलपर्यंत जाऊन यायचं आणि "ही जरा कडक वाटते" म्हणायचं, हे निम्मं तरी मनाचे खेळ असतात. त्यात ह्या दोन्ही गाड्या इंजिनाचा आवाज स्पीकरमधून थोडा वाढवून कानावर घालतात. कान खूश झाले की पाठीलाही वेग जास्त वाटू लागतो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी अशाच दोन गाड्या एका दुपारी पाठोपाठ चालवल्या आणि पहिली सुस्त, दुसरी तल्लख असा निकाल छातीठोकपणे देऊन टाकला. निघताना सहज पहिलीच्या टायरवर अंगठा दाबला, मग गेज मागवला. हवा सहा पीएसआयने कमी. मी दोन गाड्या नव्हे, दोन पंप तोलले होते. तेव्हापासून आधी टायर बघतो. ह्या जोडीचंच घ्या. काही आवृत्त्या १७ इंची चाकांवर मिशेलिन प्रायमसीसह येतात, काही १८ इंची चाकांवर पायलट स्पोर्ट ४ सह. पहिला गुळगुळीत प्रवासाचा टायर, दुसरा पकडीचा. एका गाडीला हा आणि दुसरीला तो असेल तर स्प्रिंगबिंगचा सगळा हिशोब त्यात वाहून जाईल. टायरच्या अंगावरच्या कोडच्या शेवटी तो कधी बनला ते सांगणारे चार आकडेही असतात. २३२२ असेल तर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दोन टायरच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर असेल तर तीही दोन वेगवेगळी रबरं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: हवा सारखी करून घे, आणि पहिली, दुसरी, परत पहिली अशी तीनदा चालव, कारण दुसऱ्यांदा बसलेली गाडी नेहमीच ओळखीची वाटते. वेग नको. पकड सुटेपर्यंत जायची जागा सार्वजनिक रस्ता नव्हेच. एखादं मोकळं लांब वळण निवड, एकाच वेगाने शीर आणि मधोमध एक्सलरेटरवरून पाय अलगद उचल. वजन पुढे सरकतं, मागची पोस्टकार्डं हलकी होतात, आणि त्या अर्ध्या सेकंदात गाडी आपला स्वभाव सांगते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. पाय उचलल्यावर एक गाडी फक्त किंचित आत आली म्हणाला, जणू कुणी खांद्यावर हात ठेवला. "आणि दुसरी?" मी विचारलं.

"दुसरी म्हणजे, मामा, कुणीतरी मागून हळूच कंबर ढकलली."

शीट त्याने अजून पुसलेली नाही. खाली एक रकाना वाढवलाय, 'कंबर'.